आप्तांचे चेहरे आणि आपला परिसर : हौशी चित्रकलेचा एक अभ्यास

१. प्रास्ताविक

महाराष्ट्र शासनाच्या रेखाकला परीक्षांना बसलेल्या विद्यार्थ्यांस 'स्मरणचित्र' हा विषय परिचित आहे. समोर वस्तू नसताना, केवळ आठवणीच्या आधारे प्रसंग कागदावर उभा करावयाचा, असे या विषयाचे स्वरूप असते. बहुतेक विद्यार्थी बाजार, जत्रा, बसस्थानक, विहिरीवरचे दृश्य असे ठरावीक प्रसंग तयार करून ठेवतात आणि परीक्षेत उतरवितात. गुण मिळतात, श्रेणी मिळते आणि चित्र विसरले जाते.

निवासी शाळेत मात्र या विषयाला वेगळा अर्थ आहे. येथील विद्यार्थी घरापासून महिनोन् महिने दूर असतो. आई ऊसतोडीला गेलेली, वडील यंत्रमागावर, आजी गावातल्या घरी एकटी, अशा घरांतून तो आलेला असतो. त्याला 'आईचा चेहरा आठवून काढ' असे सांगितले, तर तो प्रथम आनंदाने पेन्सिल हाती घेतो आणि थोड्याच वेळात थांबतो. साडीचा रंग आठवतो, हातातील बांगड्या आठवतात, चालण्याची ढबही आठवते. परंतु दोन डोळ्यांत अंतर किती, हनुवटी गोल की निमुळती, हसताना गालावर रेषा कोठे उमटते, हे सांगता येत नाही. ज्या चेहऱ्याकडे आपण जन्मापासून पाहत आलो, तो आपण कधी निरखून पाहिलेलाच नसतो. हा दोष विद्यार्थ्याच्या प्रेमाचा नसून डोळ्याच्या सवयीचा आहे, आणि सवय ही अभ्यासाने बदलता येते.

आपल्या घरच्या माणसांची चित्रे, आपल्या भूमीची निसर्गचित्रे आणि आपल्या परिसरातील दृश्ये रंगविणारा हौशी चित्रकार हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अशा चित्रकलेचे महत्त्व काय, आपल्या मुलखात तिची कोणती उदाहरणे आढळतात, आणि सोलापूर परिसरातील विद्यार्थ्याने तिचा अभ्यास कसा करावा, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

२. हौशी चित्रकार कोणास म्हणावे?

ज्याचा उदरनिर्वाह चित्रांवर अवलंबून नाही, तो हौशी चित्रकार, अशी साधी व्याख्या करता येईल. पुष्कळदा 'हौशी' या शब्दाला 'कच्चा' असा अर्थ चिकटविला जातो. तो योग्य नाही. व्यावसायिक आणि हौशी यांतील भेद कौशल्याचा नसून प्रयोजनाचा आहे. व्यावसायिक चित्रकारास गिऱ्हाइकाने सांगितलेला चेहरा, सांगितलेल्या आकारात आणि सांगितलेल्या मुदतीत काढावा लागतो. हौशी चित्रकारास कोणी काही सांगत नाही. कोणाचे चित्र काढावयाचे, हे तो स्वतः ठरवितो.

या स्वातंत्र्याला एक सामाजिक बाजूही आहे. शेकडो वर्षे तैलचित्र ही राजे, सरदार, सावकार आणि अधिकारी यांचीच मिरास होती. ज्याच्याजवळ पैसा, त्याचा चेहरा भिंतीवर. शेतमजूर, विणकर, सफाई कामगार, मेंढपाळ यांचे चेहरे काढण्यासाठी चित्रकाराला पैसे देणारे कोणी नव्हते. पुढे छायाचित्रण आले, तरी कष्टकऱ्यांच्या घरात आजोबांचा एखादाच फोटो असे. आणि तोही कित्येकदा एखाद्या कागदपत्रासाठी काढलेला, मृत्यूनंतर मोठा करून हार घातलेला. त्या घरातील मनुष्य जिवंतपणी कसा दिसे, कामावर कसा बसे, याचे चित्र कोठेच राहिले नाही. हे चित्र काढणे हौशी चित्रकारालाच शक्य आहे, कारण त्याला त्यासाठी कोणाच्या अनुज्ञेची वा मोबदल्याची वाट पाहावी लागत नाही.

वयाची अटही येथे नाही. रवींद्रनाथ टागोर यांनी चित्रकलेचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. हस्तलिखितात खोडलेल्या ओळींना आकार देता देता ते साठी ओलांडल्यावर चित्रांकडे वळले. १९३० साली पॅरिस येथे त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले, आणि अखेरपर्यंत त्यांनी दोन हजारांहून अधिक चित्रे काढली. त्यांत स्त्रियांचे चेहरे आणि निसर्गदृश्ये यांना मोठे स्थान आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही उत्तरायुष्यात, राजकारण आणि ग्रंथलेखन यांच्या धकाधकीत, चित्रकलेचे धडे गिरविले. ज्यांच्यापाशी वेळेची सर्वांत अधिक टंचाई होती, त्यांनी कुंचला हाती घ्यावा, ही गोष्ट 'अभ्यासातून वेळ मिळत नाही' असे म्हणणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी.

३. आपल्या मुलखातील तीन उदाहरणे

(अ) औंध. सातारा जिल्ह्यातील औंध हे पूर्वी एका लहानशा संस्थानाचे ठिकाण होते. या संस्थानाची ७२ गावे एकसंध नव्हती. ती आजच्या सातारा, सांगली आणि विजापूर या भागांत विखुरलेली होती, आणि त्यांतील आटपाडीचा भाग सोलापूर जिल्ह्याच्या सांगोला तालुक्याला लागून होता. या संस्थानाचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. राज्यकारभार हा त्यांचा व्यवसाय आणि चित्रकला ही त्यांची हौस. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'चित्ररामायणा'तील चित्रे त्यांनी स्वतः रंगविली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले, आणि त्या आवृत्तीत त्यांची चित्रेही आहेत. वेरूळ (१९२९) आणि अजिंठा (१९३२) येथील लेण्यांवर त्यांनी परिचयग्रंथ लिहिले. औंधच्या यमाई डोंगरावर १९३८ साली उभे राहिलेले श्री भवानी संग्रहालय हे त्यांच्या कलाप्रेमाचे आजही पाहता येणारे फळ आहे. राजा रविवर्मा यांच्या चित्रांपासून हेन्री मूर यांच्या 'माता आणि बालक' या शिल्पापर्यंतच्या कलाकृती एका खेडेगावात पाहावयास मिळतात. याच काळात, १९३८-३९ मध्ये, त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करणारी राज्यघटना संस्थानात आणली.

पंतांच्या उदाहरणावरून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, हौशी चित्रकाराने थोरांची कला पाहिली पाहिजे. केवळ स्वतःच्या हातावर विसंबून भागत नाही. दुसरी, पाहिलेले इतरांस दाखविले पाहिजे. तथापि त्यांच्या चित्रांचे विषय बहुतांशी पौराणिक होते, हेही नोंदविले पाहिजे. त्यांच्या संस्थानातील दुष्काळी माणदेशात मेंढरांमागे हिंडणारा धनगर, मांग, महार, रामोशी यांना चितारणारा हात दुसऱ्याच घरातून यावयाचा होता.

(आ) माडगूळ. याच आटपाडी भागातील माडगूळ या गावी १९२७ साली व्यंकटेश माडगूळकर यांचा जन्म झाला. औपचारिक शालेय शिक्षण त्यांच्या वाट्याला थोडेच आले. १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यात ते कोवळ्या वयात ओढले गेले. मराठी वाचक त्यांना लेखक म्हणून ओळखतो. पण चित्रकलेची ओढ त्यांना लहानपणापासून होती आणि रेखाटनाची वही त्यांनी जन्मभर सोडली नाही. माणसे, गुरे, पक्षी, रानातील झाडे यांची त्यांनी केलेली रेखाटने त्यांच्या पुस्तकांतूनही आढळतात.

'माणदेशी माणसं' (१९४९) आणि 'बनगरवाडी' (१९५५) ही पुस्तके वाचताना चित्रकाराच्या डोळ्याचा प्रत्यय पदोपदी येतो. एखाद्या मनुष्याचे पागोटे कसे गुंडाळलेले आहे, तो बसतो कसा, त्याच्या पायांत काय आहे, हे प्रथम सांगितले जाते आणि मग त्याची कथा. रेखाटनाच्या सवयीने लेखनाला दृष्टी दिली, हे येथे उघड दिसते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा लाभ महत्त्वाचा आहे. चित्र काढणारा प्रत्येक जण चित्रकार होणार नाही. परंतु निरखून पाहण्याची सवय ही शिक्षकाला, वैद्याला, संशोधकाला आणि लेखकाला सारखीच उपयोगी पडते.

(इ) पंढरपूर. मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूरचा. पुढे ते जगप्रसिद्ध व्यावसायिक चित्रकार झाले, म्हणून हौशी चित्रकारांत त्यांची गणना होणार नाही; तथापि त्यांच्या जीवनातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. ते अवघे दीड-दोन वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. आईचा चेहरा त्यांना आठवत नसे, आणि तिचे एकही चित्र वा छायाचित्र त्यांच्यापाशी नव्हते. या उणिवेविषयी ते वृद्धापकाळापर्यंत बोलत राहिले. पुढे त्यांनी मदर तेरेसा यांच्यावर चित्रमालिका रंगविली. त्या चित्रांत निळ्या काठाची पांढरी साडी आहे, बालकाला घेणारे हात आहेत, मांडी आहे. पण साडीच्या पदराखालील चेहऱ्याच्या जागी चेहरा नाही. न पाहिलेला चेहरा काढता येत नाही, ही गोष्ट एवढ्या मोठ्या चित्रकारालाही मान्य करावी लागली.

आजोबांचा कंदील आणि छत्री मात्र त्यांना आठवत होती, आणि त्या वस्तू त्यांच्या चित्रांत पुन्हापुन्हा येत राहिल्या. विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी ज्यांची आई, आजी, आजोबा आज हयात आहेत, त्यांच्यापाशी हुसेन यांना न लाभलेली संपत्ती आहे. ती कागदावर उतरवून घेण्यास एक पेन्सिल पुरेशी आहे.

४. आप्तांचे व्यक्तिचित्र

घरच्या माणसांचे चित्र हा कलेतील गौण प्रकार आहे असे कोणी समजू नये. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, इसवी सनाच्या पाचव्या शतकातील एक भित्तिचित्र आहे. ज्ञानप्राप्तीनंतर तथागत कपिलवस्तूस आले असता यशोधरा आणि राहुल त्यांच्यासमोर उभे आहेत, असा तो प्रसंग आहे. तथागतांची आकृती भव्य, तर माता आणि पुत्र यांच्या आकृती लहान आहेत. राहुलाची मान वर उचललेली आहे आणि आईचा हात त्याच्या पाठीशी आहे. धर्मप्रसंग म्हणून हे चित्र वंदनीय आहेच. पण एक कुटुंब एका क्षणी एकत्र उभे राहिले, याची ती नोंदही आहे, आणि सुमारे पंधरा शतकांनंतरही ती पाहणाऱ्यास थांबविते.

युरोपातील एक उदाहरणही येथे उपयुक्त ठरेल. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांना आर्ल या गावी असताना समोर बसणाऱ्या माणसांना मोबदला देणे परवडत नसे. १८८८-८९ मध्ये त्यांनी आपले स्नेही, टपाल खात्यातील कर्मचारी जोसेफ रुलँ, त्यांची पत्नी आणि तीन मुले यांची चित्रे काढली. गणवेशातला दाढीवाला टपाल कर्मचारी आणि त्याचे तान्हे मूल आज जगातील नामांकित संग्रहालयांत आहेत. चित्राचा मोठेपणा समोर बसलेल्या मनुष्याच्या हुद्द्यावर अवलंबून नसतो, हे यावरून सिद्ध होते.

व्यक्तिचित्राचा अभ्यास पुढील प्रमाणांपासून सुरू करावा :

प्रौढ मनुष्याच्या मस्तकाची उंची वरपासून हनुवटीपर्यंत मोजली, तर डोळे बरोबर मध्यावर येतात. नवशिका विद्यार्थी हमखास डोळे कपाळात काढतो, कारण केसांखालचे कपाळ आणि डोक्याचा वरचा भाग तो हिशेबात धरीत नाही. चेहऱ्याची रुंदी समोरून सुमारे पाच डोळ्यांइतकी असते आणि दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याइतके अंतर असते. कानाची वरची कड भुवईच्या आणि खालची कड नाकाच्या टोकाच्या पातळीत येते. लहान मुलांत डोळे मध्याच्या खाली असतात, म्हणून त्यांचे कपाळ मोठे दिसते. वृद्धांत डोळ्यांखालील आणि नाकापासून ओठांकडे येणाऱ्या रेषा ठळक होतात. परंतु त्या काळ्या रेषांनी न दाखविता छायेने दाखवाव्यात.

ही प्रमाणे सर्वसाधारण आहेत. चित्रात साम्य येते ते प्रमाणापासून प्रत्येक चेहरा कोठे ढळतो, हे टिपल्यामुळे. आजीचा एक डोळा किंचित लहान असेल, वडिलांचे नाक डावीकडे कललेले असेल, तर ते तसेच काढावे. त्वचेचा रंगही जसा आहे तसाच घ्यावा. आपल्याकडे चित्रातील आईला उगाच गोरी करण्याची प्रथा आहे. उन्हात राबलेल्या सावळ्या त्वचेवर प्रकाश पडला म्हणजे तांबूस, जांभळट आणि सोनेरी छटा दिसतात. त्या गुलाबी रंगाच्या डबीत सापडत नाहीत. गेरू, काव, काळसर तपकिरी आणि अल्पसा निळा यांच्या मिश्रणातून त्या सापडतात. आईला गोरे करणारे चित्र आईचे राहत नाही.

चेहऱ्याइतकेच हात महत्त्वाचे आहेत. विडी वळणाऱ्या स्त्रीच्या मांडीवरील सूप, कात्रीने कापलेले तेंदूचे पान आणि ते गुंडाळणारी बोटे. मागावर बसलेल्या विणकराच्या हातातील धोटा. या गोष्टी त्या व्यक्तीची ओळख चेहऱ्याइतक्याच स्पष्टपणे सांगतात. म्हणून आप्तांचे चित्र शक्यतो काम करतानाचे काढावे. फोटोसाठी ताठ बसविलेल्या माणसापेक्षा कामात गुंतलेला माणूस अधिक सत्य दिसतो.

५. निसर्गचित्र

आपल्या शाळांतील कोणत्याही इयत्तेत 'निसर्गचित्र काढा' असे सांगावे. शंभरातील बहुतेक कागदांवर एकच चित्र येईल. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध उगवणारा सूर्य, डोंगरांतून निघालेली निळी नदी, काठावर नारळाचे झाड आणि लाल कौलांची झोपडी. सोलापूरच्या विद्यार्थ्याने हे दृश्य कधी पाहिले? आपल्या शहराभोवती त्रिकोणी डोंगर नाहीत, नदीकाठी नारळाची रांग नाही, आणि अनेक घरांना कौले नसून धाब्याची वा पत्र्याची छपरे आहेत. मूल जे पाहते ते सोडून जे पाठ झाले आहे ते काढते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणार नाही. त्यामागे एक दुःखद समजूतही असते : आपल्या भूमीत चित्र काढण्यासारखे काही नाही, सौंदर्य कोठेतरी दुसरीकडे, कोकणात किंवा कॅलेंडरवर आहे.

ही समजूत खोटी आहे. सोलापूरच्या भूमीचा मुख्य गुण तिची क्षितिजरेषा हा आहे. सपाट पठारामुळे येथे आकाश प्रचंड मोठे दिसते. कागदाच्या खालच्या चौथ्या भागात जमीन आणि उरलेल्या तीन भागांत आकाश, अशी मांडणी करून पाहावी. विस्तार आपोआप येतो. भूमीची काळी माती ही निव्वळ काळी नसते. नांगरल्यावर ती निळसर दिसते, वळिवाच्या पावसानंतर गडद तपकिरी होते, आणि उन्हाळ्यात भेगाळून राखाडी पडते. रब्बीच्या हंगामात मंगळवेढ्याकडील शिवारात ज्वारी उभी राहते. कोवळेपणी निळसर हिरवी, हुरड्याच्या दिवसांत पिवळसर हिरवी आणि काढणीला आल्यावर फिकट सोनेरी. एकाच शेताची चार महिन्यांत काढलेली चार निसर्गचित्रे हा रंगाभ्यासाचा उत्तम धडा आहे.

पाणी पाहावयाचे तर शहराच्या मध्यभागी सिद्धेश्वर तलाव आहे, त्याच्या काठावर मंदिर आणि शेजारी भुईकोट किल्ल्याचे बुरूज आहेत. शहरापासून जवळच हिप्परग्याचा एकरूख तलाव आहे. पाण्यातील प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा किंचित गडद आणि कडांना अस्पष्ट असते, ही गोष्ट तेथे बसून पडताळावी. माळरानाची ओढ असणाऱ्यांसाठी माळढोक पक्ष्यामुळे प्रसिद्ध झालेला नान्नजचा परिसर आहे. गवताचे अनेक रंग तेथे एकाच वेळी दिसतात.

काही व्यावहारिक सूचना : भर दुपारी चित्रास बसू नये. सूर्य डोक्यावर असताना सावल्या आखूड पडतात आणि वस्तूंचा उठाव नाहीसा होतो. सकाळी नऊच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतर बसावे. आपल्याकडील कोरड्या उन्हाळी हवेत जलरंग फार लवकर वाळतो. म्हणून आकाश रंगविण्यापूर्वी कागद स्वच्छ पाण्याने ओला करून घ्यावा आणि रंग एकाच दमात वरून खाली न्यावा. दूरच्या वस्तू फिकट व निळसर, जवळच्या गडद व उबदार, हा अंतराचा नियम पाळावा. लिंबाचे झाड आणि बाभळीचे झाड यांत फरक दिसलाच पाहिजे. लिंबाचा घेर भरीव, तर बाभळीच्या पानांतून आकाश दिसते.

६. परिसरदृश्य

परिसरदृश्यात माणसे, वास्तू आणि व्यवहार एकत्र येतात. सोलापूर हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कापडगिरण्यांचे शहर म्हणून वाढले. गिरणीच्या भोंग्यावर येथील हजारो घरांचे घड्याळ चालत असे. त्या गिरण्या बंद पडल्या. पहाटे डबा घेऊन निघणारी कामगारांची रांग, चाळींतील नळावरची गर्दी, धुराड्यांची शहरावर पडणारी सावली, या दृश्यांची छायाचित्रे काही प्रमाणात असतील. पण त्या चाळीत राहणाऱ्याने आतून काढलेली चित्रे फार थोडी. जे गेले ते आता केवळ वृद्धांच्या आठवणीत आहे. म्हणून जे अजून आहे, ते वेळेवर काढून ठेवणे हे परिसरदृश्य काढणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

आज काय आहे? शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट आणि क्वचित कोठे हातमागही आहे. चादरीवरील नक्षी ताण्या-बाण्याच्या गणिताने कशी उमटते, हे चित्रकाराने आवर्जून पाहावे. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा भरते. पांढऱ्या बाराबंदीतील मानकरी सात उंच नंदीध्वज पेलत शहरातून जातात. १४ एप्रिलला निळ्या ध्वजांनी रस्ते भरून जातात. आषाढीला पंढरपूरच्या वाळवंटात माणसांचा समुद्र लोटतो. असे गर्दीचे दृश्य काढताना प्रत्येक माणूस काढण्याचा हट्ट धरू नये. पुढील चार-पाच माणसे नीट काढावीत, मागील गर्दी केवळ रंगाच्या ठिपक्यांनी सुचवावी, आणि ध्वज, खांब, कमान अशा उभ्या रेषांनी चित्र बांधून घ्यावे.

येथे एक नैतिक पथ्य सांगणे अगत्याचे आहे. कोणाचेही चित्र काढण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी आणि पूर्ण झाल्यावर ते त्याला दाखवावे. दुसऱ्याच्या दारिद्र्याचे प्रदर्शन करण्यासाठी चित्र काढू नये. फाटके वस्त्र चित्रात आले तरी चालेल, परंतु ते नेसणाऱ्याचा सन्मान फाटता कामा नये. चित्र पाहून त्या व्यक्तीस 'होय, हा मीच' असे समाधानाने म्हणता यावे, हीच परिसरचित्राची खरी परीक्षा.

७. साधने आणि जतन

महागड्या साधनांवाचून अडत नाही. टूबी आणि फोरबी या दोन पेन्सिली, एक खोडरबर, साधी रेखाटनवही आणि सहा-सात जलरंग एवढ्यावर दोन वर्षांचा अभ्यास होतो. अजिंठ्याच्या चित्रकारांची रंगसंपदाही मर्यादितच होती : तांबडी व पिवळी माती, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा, हिरवी माती, आणि दूरदेशाहून आलेल्या लाजवर्द दगडाचा निळा. एवढ्यांतून त्यांनी काय केले, ते जग पाहत आहे.

काढलेले चित्र सांभाळणे हाही कलेचाच भाग आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४० च्या दशकापासून अनेक वर्षे खपून तयार केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनमधील आगीत भस्मसात झाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतीलही पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. श्रमाने केलेले काम क्षणात नाहीसे होऊ शकते. आपल्याला आगीपेक्षा ऊन, दमट भिंत आणि वाळवी यांचे भय अधिक. चित्र थेट उन्हासमोर टांगू नये. सुटे कागद कोऱ्या कागदाच्या घड्यांत, सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून उंच ठेवावेत. चित्र घडी घालून ठेवू नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना अखेरीस : प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने व्यक्तीचे नाव, गाव, तिचे काम आणि तारीख लिहावी. नाव नसलेले चित्र दोन पिढ्यांनंतर 'कोणीतरी म्हातारी' एवढेच उरते. नावासह असलेले चित्र घराचा इतिहास होते.

८. स्वाध्याय

(१) सुट्टीत घरी गेल्यावर घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीसमोर रोज पंधरा मिनिटे, असे सात दिवस बसून सात रेखाटने करावीत. पहिले आणि सातवे शेजारी ठेवून फरक लिहावा.

(२) वसतिगृहात परतल्यावर तोच चेहरा स्मरणाने काढावा आणि नंतर मूळ रेखाटनाशी ताडून पाहावा.

(३) आपल्या गावाच्या शिवाराचे एकच दृश्य पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा या तीन ऋतूंत, त्याच जागी बसून रंगवावे. डोंगर नसल्यास डोंगर काढू नये.

(४) गावातील लोप पावत चाललेला एखादा व्यवसाय निवडून त्याची हत्यारे, बसण्याची जागा आणि काम करणारे हात यांची स्वतंत्र रेखाटने करावीत व प्रत्येक हत्याराचे स्थानिक नाव खाली लिहावे.

(५) शक्य झाल्यास औंधचे संग्रहालय आणि अजिंठ्याची लेणी पाहावीत. पाहताना किमान एक आकृती वहीत उतरवून घ्यावी.

९. समारोप

हौशी चित्रकाराला पारितोषिक मिळेलच असे नाही; त्याची चित्रे बहुधा घराच्या भिंतीपलीकडे जाणारही नाहीत. तरीही त्याचे काम निष्फळ नाही. आजच्या भ्रमणध्वनीत हजारो छायाचित्रे असतात, आणि यंत्र बिघडताच ती एकदम नाहीशी होतात. ती काढण्यास क्षण लागतो, आणि म्हणूनच पाहण्यासही आपण क्षणच देतो. चित्र काढण्यासाठी मात्र आजीसमोर तासभर बसावे लागते. त्या तासात ती बोलते, तिचे माहेर सांगते, दुष्काळात केलेल्या खडी फोडण्याच्या कामाची आठवण सांगते. कागदावर चेहरा उमटत असताना मनात तिचे आयुष्य उतरत असते. चित्र कच्चे राहिले तरी तो तास वाया जात नाही.

या स्मरणिकेची पाने उलटणाऱ्या विद्यार्थ्यास एवढेच सांगावयाचे आहे की, येत्या सुट्टीत घरी जाताना पिशवीत एक पेन्सिल आणि एक कोरी वही ठेवावी. घरी पोहोचल्यावर, दिवेलागणीपूर्वी, आईला दारात उजेडाकडे तोंड करून बसवावे. तिला लाज वाटेल, 'माझे काय काढतोस' असे ती म्हणेल. तरी काढावे; आणि मागे तिचे संपूर्ण नाव लिहावे.